एकट्या माणसाची घोंगडी

मी घोंगडी बोलतेय. दाराजवळच्या चपलांच्या कपाटावर घडी घालून ठेवलेली, करडी, खरखरीत, एका कोपऱ्याला उसवलेली, ती मीच. आणि आधीच सांगून टाकते, मी जळकुटी आहे. घोंगडीनं कसला मत्सर करायचा, असं तुमच्या मनात आलं असेल तर येऊ द्या. सगळं ऐकून झालं की मग बोला.

माझा जन्म पानिपतचा. बोटीतून परदेशच्या जुन्या स्वेटरांची गाठोडी यायची, ती फाडून, पिंजून, पुन्हा सूत काढून आम्हाला विणत. कुणा गोऱ्या म्हातारीची शाल, कुणा शाळकरी पोराचा मोजा, कुणा खलाशाची बंडी, असं सगळं माझ्या अंगात आहे. त्यातला एकच तंतू ओढून पाहा, चिमटीत तुटेल. तिकडे मला कंबल म्हणायचे. सरकारी मागणी आली आणि आम्हा बहिणींना ट्रकात कोंबून दिल्लीजवळच्या एका तुरुंगात आणून टाकलं.

बराकीत माझी फार ओढाताण व्हायची. थंडीत दोघं-दोघं माझ्याखाली शिरत. एकानं आपल्याकडे ओढलं की दुसरा शिवी हासडायचा. मी सगळ्यांची होते, म्हणजे कुणाचीच नव्हते. मग अंबादास आला.

अंबादास मूळचा परभणीकडचा, केंद्र सरकारच्या कचेरीत नोकरीला. त्या वर्षांत दिल्लीतला जो तो यमुनेपलीकडे फ्लॅट घ्यायला धावत होता, मोहरीच्या शेतांतून सिमेंटचे खांब वर येत होते. अंबादासच्या कचेरीतल्या लोकांनीही सोसायटी काढली. सेक्रेटरी पसार झाला, कागदांवर दुसरी सही अंबादासची होती, आणि पोलिसांच्या लेखी जो हाताला लागतो तोच चोर. त्याचा खटला भिजत घोंगड्यासारखा पडून राहिला. मला ही म्हण मुळीच आवडत नाही. आम्हाला भिजत ठेवतं कोण? माणसंच ना?

त्यानं मला पहिल्यांदा हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि विचारलं, "पानिपतची काय गं तू? मराठी माणसाचं अजून काही करायचं राहिलं होतं का तुमच्या गावाला?" आणि स्वतःच हसला. घोंगडी हे नाव त्यानंच मला दिलं. मी तिथंच भाळले.

पुढं काय झालं, तर बराकीत धीरज नावाच्या कैद्याला शिपायांनी बेदम मारलं. सगळ्यांनी पाहिलं आणि सगळ्यांनी माना खाली घातल्या. अंबादासला मात्र तारखेला कोर्टात नेलं, तेव्हा त्यानं ते न्यायाधीशांना सांगून टाकलं. परत आला तेव्हा तुरुंगाचे साहेब गोड आवाजात म्हणाले, "आपकी सेफ्टी का सवाल है, अंबादासजी. अलग रखना पड़ेगा."

अलग म्हणजे चक्की. त्या कोठड्यांत पूर्वी कैदी दळण दळायचे, म्हणून ते नाव. आता तिथं जातं नव्हतं. तीन भिंती, एक लोखंडी दार, दाराच्या तळाशी ताट सरकवण्यापुरती फट. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात, इथं भिंत पाहून पसरावे लागत. फटीतून एक हात ताट आत ढकलायचा आणि रिकामं ताट बाहेर ओढायचा. त्या हाताचा चेहरा कसा होता, ते अंबादासला कधी कळलं नाही. त्याच्याशी बोलायचं नाही, असा हुकूमच होता.

आता मला विचाराल, तर ते माझे सोन्याचे दिवस होते. अख्खा माणूस माझ्या एकटीचा! दिवसा तो मला पाठीशी घेऊन बसे, रात्री अंगभर ओढून घेई. कुणी वाटेकरी नाही, भांडण नाही.

तरी मला शत्रू होतेच. एक मुंगळा यायचा. अंबादास त्याच्यासाठी पोळीचा कण बाजूला काढून ठेवायचा आणि तो आला नाही की उदास व्हायचा. मुंगळ्यासाठी! दुपारी भिंतीवर उन्हाचा एक तुकडा पडायचा, त्याच्यामागं तो लहान मुलासारखा सरकत जायचा. बाहेर बुटांची टाच वाजली की ताडकन उठून बसायचा. मी इथं आयती अंगाशी आहे आणि ह्याचे कान त्या बुटांकडे! घरच्यांच्या मुलाखती जवळजवळ बंदच केल्या होत्या. कधी तरी त्याची बायको गिरिजा जाळीपलीकडे दिसायची. परतला की माझ्यात तोंड खुपसून रडायचा. मी मनात म्हणायचे, रड बाबा, तिच्यासाठी रड, पण माझ्यात रड.

तो माझ्याशी बोलू लागला. आधी गंमत म्हणून. "काय घोंगडे, आज काय बेत?" मग घरचं. मुलगी सुरुची चाळीसपर्यंतचे पाढे कसे म्हणायची, गिरिजाच्या हातची आमटी, कचेरीतल्या खोड्या. मग एके दिवशी म्हणाला, "आता तू बोल." मला वाटलं, चेष्टा करतोय. तो चेष्टा करत नव्हता. कान माझ्यावर टेकवून बसला. "एक शब्द बोल. हूं म्हण नुसतं." बराच वेळ बसला. तोंड कुठून आणणार होते मी?

त्यानंतर तो रोज कान लावायचा. पुढं बोलणं कमी होत गेलं. शब्द विसरू लागला. गिरिजाचा चेहरा आठवेना, म्हणून भिंतीवर डोकं आपटायचा, आणि लागू नये म्हणून मध्ये मला धरायचा. तेही मला आवडायचं. कुणाला पटो न पटो, त्यानं मध्ये मला धरलं, ह्याचंच मला कौतुक होतं.

दोन हिवाळे असे गेले. मग तो निर्दोष सुटला. फाटकावरच्या शिपायानं मला त्याच्या खांद्यावर पाहिलं आणि म्हणाला, "ले जा यार, इसे अब कौन लेगा." असा अपमान मी हसत हसत गिळला. मी त्याच्याबरोबर सासरी चालले होते.

सासर म्हणजे हाच नववा मजला. सोसायटी शेवटी उभी राहिली होती. खाली गाड्या, वर लिफ्ट, घरोघरी केबल टीव्ही. आणि पलंगावर माझी सवत! परदेशी मिंक ब्लँकेट, गुळगुळीत, अंगावर एवढाली लाल गुलाबं. गिरिजानं हौसेनं आणलं होतं. मी त्या सवतीला पाहिलं आणि माझ्या अंगातले सगळे स्वेटर एकदम पेटले.

पण अंबादास तिच्याखाली झोपेचना. तो मला घेऊन स्टोअररूममध्ये शिरला, जिथं गॅसचं रिकामं सिलिंडर आणि जुन्या बॅगा होत्या, आणि आतून दार लोटून घेतलं. ताट आलं की दाराशी खाली ठेवून घ्यायचा. दुपार झाली की भिंतीवर ऊन शोधायचा. जिंकले मी! ती गुलाबं पलंगावर एकटी लोळत पडली.

त्याची एक सवय मात्र घरच्यांच्या लक्षात यायला वेळ लागला. बंद दार तो स्वतः उघडत नसे. दारापुढं जाऊन उभा राही, हात खाली सोडून, कुणी तरी उघडेल ह्याची वाट पाहत. कडी नाही, कुलूप नाही, हात लावला तर उघडणारं दार. गिरिजाला आधी वाटलं, रुसलाय. एकदा तिनं दार उघडलं आणि तो तसाच समोर उभा दिसला, तेव्हा ती तोंडात पदर कोंबून स्वयंपाकघरात गेली.

सुरुची आता मोठी झाली होती. वकिलीचं शिकत होती, दक्षिण दिल्लीत मुनिरक्यात खोली घेऊन राहायची आणि रविवारी घरी यायची. ती एका वकीलबाईंच्या हाताखाली काम करायची. माणसाला असं एकट्याला कोंडून ठेवणं हा छळच आहे, असा अर्ज त्या बाईंनी कोर्टात केला होता. कारण त्याच कोठडीत आता धीरज होता.

"जेलवाले काय म्हणतात माहितीये, मम्मा? मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही, फक्त अलग ठेवलं. टॉर्चर कुठंय? आत राहिलेला कुणी सांगायला हवा. बाबा बोलले तर धीरज बाहेर येईल."

"अगं, ते माझ्याशी बोलत नाहीत," गिरिजा म्हणाली. "मीठ हवं का विचारलं तर मान हलवतात. कोर्टात काय बोलणार?"

"बिल्कुल ट्राय नाही करायचं?"

"मला वाटतं तो कंबलच टाकून द्यावा. रात्री त्याच्याशी कुजबुजतात. ऐकलंय मी."

मी दाराआडून ऐकत होते. छळ म्हणे! मी तिथं होते, ह्या कुठं होत्या? जेलवाले म्हणत होते तेच मीही म्हणत होते. कुणी बोट लावलं नाही त्याला. माझ्यासारखी सोबत होती. आणखी काय हवं माणसाला?

जानेवारीतला रविवार. धुकं असं की समोरचा टॉवर दिसत नव्हता. सुरुची बसमधून कुडकुडत आली, अंगात कणकण. बाबांना बघायला स्टोअररूममध्ये डोकावली. तो उन्हाच्या जागेकडे तोंड करून बसला होता, ऊन नव्हतंच. मी मागं पडले होते. ती हळूच दार लोटून खाली बसली, मला उचललं आणि डोक्यापासून पायापर्यंत गुरफटून घेतलं. परक्या अंगाची ऊब! मी तिला टोचायचं तेवढं टोचलं. ती हलली नाही.

अंबादास वळला. त्याला दिसले ती मी, बसलेली, माणसाच्या आकाराची.

त्याचे डोळे कसे झाले ते मला सांगता यायचं नाही. पुढं सरकला आणि बोलू लागला. घसा खरवडत, अडखळत.

"बसलीस होय उठून? मी तिथं किती वाट पाहिली गं. त्या हातालासुद्धा म्हणालो होतो, शिवी दे पण बोल. मारलं असतं तर बरं झालं असतं. मारणारा निदान समोर असतो. मला गिरिजा दिसेना झाली. पोरीचं नाव... दिवसभर पोरीचं नाव शोधत बसलो होतो. तुला माणूस समजत होतो मी, घोंगडे. जिवंत माणूस एका कंबलापाशी हूं म्हण म्हणून भीक मागतो, इथवर आणलं त्यांनी मला."

मी सुन्न झाले. तो माझ्याविषयी बोलत होता. माझ्या सोन्याच्या दिवसांविषयी. मी जिला त्याची माया समजत होते, ती त्याची यातना होती, आणि तो ती मलाच सांगत होता. आतून मी ओली होत होते. पोरगी आवाज न करता रडत होती. मला ओरडावंसं वाटत होतं, अरे, ही मी नाही! आत ती आहे! हे माझं आहे, तिला देऊ नकोस!

त्यानं पूर्वीसारखा कान माझ्यावर टेकवला.

"एकदा तरी बोल ना."

आणि माझ्या आतून आवाज आला, "हूं. बोला बाबा, मी ऐकतेय."

तो केवढ्यानं दचकला! भिंतीला जाऊन टेकला. मग त्यानं मला खाली ओढलं, तिच्या डोक्यावरून, चेहऱ्यावरून, खांद्यांवरून. तिच्याकडे बघत राहिला.

"सुरुची," तो म्हणाला. "सुरुची ना?"

"हो बाबा."

मी जमिनीवर पडले होते. दोघांपैकी कुणाचा तरी पाय माझ्यावर होता, तरी त्यांना कळत नव्हतं. तो तिला चक्कीतलं सगळं सांगत होता, मुंगळ्यासकट. दोन हिवाळ्यांचं माझं धन तो तिच्या पदरात ओतत होता आणि मी बघत होते.

बाहेरून गिरिजानं हाक मारली, "चहा झालाय!" तो उठला, बंद दारापुढं जाऊन सवयीनं उभा राहिला, हात खाली सोडून. सुरुचीचा हात दाराकडे गेला आणि तिनं तो मागं घेतला. म्हणाली, "उघडं आहे, बाबा." तो थांबला. मला वाटलं, मागं वळेल, मला उचलेल. मी देवाची करुणा भाकली. त्यानं दार ओढलं आणि बाहेर गेला.

माझं पानिपत झालं ते असं.

कोर्टात जायच्या दिवशी सुरुचीनं विचारलं, "हिला नेऊया का? दाखवायला?" तो म्हणाला, "नको. मी तोंडानं सांगतो." आणि सांगितलं म्हणे, उभं राहून, सगळ्यांसमोर. धीरजला बराकीत परत आणलं. चक्कीत माणसं ठेवायची की नाही, ते मात्र अजून ठरलेलं नाही. भिजत घोंगडं, दुसरं काय.

आता अंबादास गुलाबांखाली घोरतो. जाता-येता कधी माझ्यावर हात ठेवतो, बूट घालताना तोल सावरायला. मी अजूनही जळते, ते सुटायचं नाही. पण एक विनवणी आहे. चक्कीचं ठरवणारं कुणी तुमच्या ओळखीचं असेल, तर त्याला सांगा. मला कुत्र्याला घाला, गाडीचं इंजिन झाकायला द्या, चौकीदारांना चौघांत मिळून पांघरायला द्या. पुन्हा कधी एकटा माणूस देऊ नका. तो माझ्याशी बोलायला लागेल, आणि मला पुन्हा वाटेल, काय सुखात आहोत आम्ही दोघं.