एवढंसं ऑपरेशन

धाकटीच्या बाळंतपणानंतर माझं अंग बाहेर यायला लागलं. आधी शिंकलं की, मग नुसतं उभं राहिलं की, आणि शेवटी तर चालतानाही घासायला लागलं. आमची घरचीच लॉन्ड्री. लॉजच्या ओल्या चादरींच्या बादल्या उचलून जीव नकोसा व्हायचा, पण सांगणार कुणाला? नवऱ्याला म्हटलं, कंबर दुखते. त्यानं मलम आणून दिलं. मलमानं काय कप्पाळ होणार होतं!

शेवटी डॉक्टरीणबाईंनी दुर्बिणीतून ऑपरेशन केलं. पोटाला चार बारीक भोकं पाडली आणि आत जाळी लावून सगळं वर बांधलं. घरी सोडताना त्यांनी बजावलं, "भोकं लहान असली तरी आतलं काम मोठं आहे. तीन महिने जड उचलायचं नाही. नाहीतर टाके सुटतील आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न."

सासूबाईंना हे कोण पटवणार? पट्ट्या बघून म्हणाल्या, "एवढंच? याहून मोठं मला भाजी चिरताना लागतं." मग रोजचे टोमणे सुरू झाले. "आमच्या वेळी नव्हते बाई असले चोचले!"

मी आपली ऐकून घेत होते. त्या दिवशी नवरा कपडे पोचवायला गेला होता आणि धुतलेल्या चादरी बादलीत तशाच पडून होत्या.

"राणीसाहेब, चादरी आपोआप दोरीवर चढतील ना?"

माझं डोकंच सटकलं. गेले टाके खड्ड्यात! उठले आणि बादलीची कडी धरली.

"सोड ती!" सासूबाई ओरडल्या. माझा हात झटकून त्यांनी स्वतःच बादली उचलली, दोन पावलं टाकली आणि दाराला टेकून थांबल्या. दुसरा हात ओटीपोटाखाली घट्ट दाबलेला. चेहरा पांढराफटक.

ते थांबणं मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"कधीपासून?" मी विचारलं.

"तुझा नवरा झाला तेव्हापासून."

अगं बाई! माझा राग कुठल्या कुठे पळाला, रडूच फुटलं.

"मग मला का हो छळत होता?"

"मला वाटायचं, बाईच्या जातीनं हे सोसायचंच असतं. तू बरी होऊन आलीस, त्याचाच राग आला गं मला." मग हळूच म्हणाल्या, "माझ्या वयाला करतात का ते?"

"करतात," मी म्हटलं. "तपासून घेऊ. आधी ती बादली खाली ठेवा, आई."