कल्ला

वामन डॉक्टरांनी रावसाचा कल्ला अंगठ्याने उघडून लाली पाहिली, पोट दाबलं, मग वासही घेतला. तारापूरला अणुवीजघराचं काम सुरू होऊन गिऱ्हाईक वाढल्यापासून असा रावस पालघरच्या बाजारात उरत नसे. पण घिवलीची येसूबाई पाच महिने बाजारात का दिसली नाही, हे त्यांनी विचारलं नाही. भाव विचारला.

येसूबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. अकरा महिने तिने ह्यांच्या दवाखान्याच्या पायऱ्या झिजवल्या होत्या. शौचाला रक्त पडतं म्हटलं की हे टेबलापलीकडूनच, नाकाशी रुमाल धरून म्हणायचे, “मूळव्याध. तिखट सोड.” आणि मलमाची डबी. न बघता! शेवटी मुंबईच्या सर्जनने हातमोजा चढवून बोटाने आतून तपासलं आणि अर्ध्या मिनिटात गाठ सापडली. कॅन्सर. खालचं आतडं कापलं, गुदद्वार शिवून टाकलं, पोटावर डावीकडे मळाला वाट काढली. “फार उशिरा आलात, बाई,” सर्जन म्हणाला होता. उशीर तिने केला होता?

आणि आज सकाळी तिची धाकटी जाऊ तानी त्याच दवाखान्यातून तीच डबी घेऊन आली होती.

“बोल, कितीला?” डॉक्टरांनी पुन्हा विचारलं.

“नाय इकायचा!” तिने रावस हिसकावून घेतला. “मेल्या माशाचा कल्ला उघडून बगतोस, मंग घेतोस. मी तं जिती होते! मला का नाय बगितलंस?”

ती सगळ्या बाजाराला अरेतुरे करायची, डॉक्टरांना मात्र कायम ‘तुमी’. शेजारची इंदुबाई घाबरली. “येशे, गप! उद्या ताप आला तं ह्याच्याकडंच जायचं हाय.”

“आत्ताच जायचं हाय. हिला घेऊन.” टोपलीमागे तोंड लपवणाऱ्या तानीला तिने दंड धरून उठवलं.

“भर बाजारात काय कल्ला चालवलायस?” डॉक्टर चिडले.

येसूबाईने पदर सारला. जुन्या लुगड्याचा पट्टा, त्याखाली कापूस. वास आला, तो मासळीचा नव्हता. डॉक्टरांचा हात रुमालाकडे गेला आणि खिशाशीच थांबला.

“आण तिला,” ते खालच्या आवाजात म्हणाले.

दवाखान्यात कपाटातून काढलेला रबरी हातमोजा चिकटून बसला होता, बोटं सुटता सुटेनात. येसूबाई ते बघत राहिली. दोन मिनिटांत डॉक्टर पडद्याबाहेर आले. हात धुतले, पुन्हा धुतले.

“गाठ लागते बोटाला. लहान आहे, हलतेय. उद्याच मुंबईला न्या, चिठ्ठी देतो. वाचेल ही.” मग तिच्याकडे न बघता त्यांनी स्वतःची खुर्ची पुढे सरकवली. “बसा, येसूबाई.”

शिवलेल्या जागेमुळे तिला अजून नीट बसता येत नसे. पण ते ह्यांना कशाला सांगायचं? ती उभीच राहिली आणि चिठ्ठीसाठी हात पुढे केला.