अक्रोडाच्या खुंटाने घेतलेला सूड

मी एक जुना खुंट आहे, मित्रांनो, आणि माझा राग अजून ओला आहे. केंटकीत लिक ओढा जिथून घोड्यावरून ओलांडतात, त्या उताराजवळ मी उभा असतो. उभा म्हणजे काय, गुडघ्याएवढाच उरलो आहे.

एकेकाळी मी डेरेदार अक्रोड होतो. ओबेद प्रुइट नावाच्या शेतकऱ्याने माझ्या खोडावर एक खाच मारली होती. पुराचे पाणी खाचेपर्यंत आले की कोणी घोडे ओढ्यात घालत नसे. त्या खाचेने कित्येकांचे जीव राखले. मला त्याचा अभिमान होता.

मग लायसँडर मॅडॉक्स हा तरुण वकील आला. त्याला पहिल्यांदाच राज्याच्या विधानसभेत निवडून जायचे होते. आमच्याकडे उमेदवाराने खुंटावर चढून भाषण करायची रीत, आणि आमच्या उतारापाशी तोडलेले झाडच नव्हते. त्याने माझ्याकडे बोट दाखवले. ओबेदने अडवून पाहिले.

"वकीलसाहेब, ही खाच बघून आम्ही पाण्यात उतरतो. झाड गेलं तर काय बघायचं?"

"पूल बघा की! मला निवडून द्या, पुढच्या वर्षी इथं पूल उभा करतो. मग खाच हवी कशाला?"

लोक हसले. मक्याच्या दारूची सुरई फिरली. पुलाच्या आशेने करवतीचे दुसरे टोक ओबेदनेच धरले. तेवढे मात्र मी त्याला माफ केले आहे.

मॅडॉक्स माझ्यावर बूट आपटत तासभर बोलला आणि निवडून आला. पूलही झाला, पण त्याच्या सासऱ्याच्या जमिनीवर, सात कोस लांब. वसंतातल्या पावसाने ओढा फुगला. पाणी गढूळ, अंदाज घ्यायला खाच नाही. मक्याची पोती घेऊन गिरणीकडे निघालेला ओबेद घोड्यासकट वाहून गेला. मी तिथेच होतो आणि काही करू शकलो नाही.

ऑगस्टमध्ये मॅडॉक्स पुन्हा उभा राहिला. आमच्याकडे मत चोरून देत नाहीत. कारकुनासमोर नाव मोठ्याने सांगायचे, आणि ज्याला मत मिळाले त्याने उठून आभार मानायचे. कारकुनाने वही माझ्यावरच ठेवली. दोन खुर्च्यांवर दोन उमेदवार बसले. ओबेदची बायको केझाया घरून तिसरी खुर्ची घेऊन आली आणि त्यांच्या ओळीत बसली. बायकांना मत नव्हते, पण बसायला मनाई कुठे होती?

पहिला आला ओबेदचा भाऊ, टोबायस लोहार. मागच्या खेपेला त्याचे मत मॅडॉक्सलाच होते. मॅडॉक्स हसत अर्धा उठलादेखील.

"ओबेद प्रुइट," टोबायस म्हणाला.

कारकुनाची लेखणी थबकली. "अरे, तो मेलाय."

"ठाऊक आहे. मीच काढला त्याला पाण्यातून. लिहा."

कारकुनाने लिहिले. मॅडॉक्स तसाच वाकलेला राहिला. मग केझाया उठली.

"टोबायस भावजी, ओबेदतर्फे आभार," ती म्हणाली आणि बसली.

एकतीस जणांनी तेच नाव घेतले. एकतीस वेळा ती उठली. प्रत्येकाचे नाव घेऊन तिने आभार मानले, आणि प्रत्येक वेळी मॅडॉक्सला ऐकावे लागले. वहीचे एकेक पान माझ्या अंगावर उलटत होते, आणि मला इतके बरे कधी वाटले नव्हते. दुसरा उमेदवार निवडून आला, मॅडॉक्स नऊ मतांनी पडला. जाताना माझ्याकडे त्याने पाहिलेसुद्धा नाही.

मित्रांनो, झाड तोडण्याआधी त्याच्यावर कोणी काय कोरले आहे ते पाहत जा. आणि खुंटावर चढून कोणी पूल देऊ लागला तर आधी पूल मागा, मग करवत धरा.

इथे पूल अजून झालेला नाही. माझ्या बुडातून एक फुटवा आला आहे, मनगटाएवढा. तो खाच पेलण्याइतका जाड झाला की केझाया नवी खाच मारायला टोबायसच्या हाती कुऱ्हाड देणार आहे. तोवर मी मॅडॉक्सला माफ करणार नाही. त्यानंतरही नाही.