गळतीला कान देणारी सळई

मी एक जुनी पोलादी सळई आहे. उंची सव्वा मीटर, टोक गोल घासलेलं आणि डोक्यावर ऑलिव्हच्या लाकडाची वाटी. टोक जमिनीखालच्या नळीला टेकवून वाटीला कान लावला, की निसटणारं पाणी ऐकू येतं. मित्रांनो, वाळवंटाच्या कडेला असलेल्या आमच्या मादबा गावात नळाला आठवड्यातून एकदाच पाणी येतं. तेव्हा गळती शोधणाऱ्या सळईचा इथे केवढा मान असेल, ते तुम्हीच ठरवा.

एका लोहाराने मला घडवलं. नळदुरुस्ती करणाऱ्या मुफ्लिहने वाटी स्वतः कोरली. पंधरा वर्षं आम्ही दोघं अंगणोअंगणी फिरलो. "मुफ्लिहची काठी खोटं बोलत नाही," असं लोक म्हणत. खरं तर मी काहीच बोलत नाही. पाण्याची थरथर पोलादातून वर चढते, एवढंच. तरी ते ऐकून मी फुगायचे.

मग मुफ्लिहने आवाज मोठा करणारं यंत्र आणलं आणि एका कामानंतर तो मला उम्म जिर्यस, म्हणजे जिर्यसच्या आई, यांच्या बागेत विसरून गेला. उम्म जिर्यसनी मला टोमॅटोच्या रोपाशेजारी रोवलं. चार उन्हाळे मी टोमॅटोचा भार पेलला. आधी वाईट वाटलं, नंतर त्या भाराची सवय झाली.

यंदा बागेतलं लिंबोणीचं झाड वाळू लागलं. ते उम्म जिर्यसच्या नवऱ्याने वारण्यापूर्वी लावलेलं शेवटचं झाड. गच्चीवरची टाकी तिसऱ्याच दिवशी रिकामी होई. त्यांचे दीर म्हणाले, "म्हातारं झालंय झाड. शनिवारी कुऱ्हाड घेऊन येतो." उताराखालचा पुदिना मात्र गुडघाभर माजला होता. शेजारणी तो चहासाठी मुठी भरभरून नेत.

मुफ्लिह गुरुवारी आला, म्हणजे पाण्याच्या दिवशी. इथे सगळे त्याच दिवशी बोलावतात, कारण नळ्या भरलेल्या असतात. पण त्याच दिवशी गल्लीतल्या प्रत्येक घराचा पंपही घरघरत असतो. यंत्राने त्याला तेच पंप मोठे करून ऐकवले. शेवटी त्याने पुदिन्यात तीन खड्डे खणले. माती ओली होती, नळी धड होती.

"माझा पुदिना उपटून काय मिळालं रे तुला?" उम्म जिर्यसनी विचारलं.

"मावशी, ओल तर इथेच आहे."

"ओल माझ्या मोरीतही असते. म्हणून काय मोरी खणतोस? उद्या ये, गल्ली गप्प असेल. आणि ते खोकं घरी ठेव. टोमॅटोतली ती काठी घे."

"अहो, ही तर माझीच."

"चार वर्षं आठवली नाही ती? रोप मोडलंस तर बघ."

शुक्रवारी पंप बंद होते. मुफ्लिहने झाडांजवळचे सगळे कॉक बंद केले आणि टाकीचं पाणी नळीत सोडलं, म्हणजे ते फक्त गळतीतूनच निसटेल. प्लास्टिकची नळी आवाज फार लांब नेत नाही, म्हणून दर दोन पावलांवर तो मला हलकेच मातीत खुपसून नळीला टेकवत होता. पुदिन्याजवळ शांतता. लिंबाजवळ अगदी बारीक सूर. चढावर, दगडी पायरीपाशी मात्र स्पष्ट सळसळ.

"मावशी, कान लावा."

त्या वाकल्या. वाटीला कान लावला. मग म्हणाल्या, "उकळी फुटायच्या आधी पातेलं असंच कुजबुजतं."

पायरीखाली सांधा तडकला होता. पाणी मातीच्या कडक थरावरून सरकत खाली पुदिन्याला मिळत होतं आणि नळीच्या पुढच्या टोकाचं लिंबू उपाशी राहत होतं. मुफ्लिहने तो सांधा त्याच दिवशी बदलला.

शनिवारी दीर कुऱ्हाड घेऊन आले. उम्म जिर्यसनी त्यांना चहा दिला आणि ते तीन खड्डे बुजवायला लावले.

आता मी पुन्हा मुफ्लिहच्या खांद्यावर असते. मला घडवणाऱ्या लोहाराचे, वाटी कोरणाऱ्या हातांचे आणि मला भंगारात न टाकता टोमॅटोशेजारी उभं करणाऱ्या त्या मावशींचे माझ्यावर उपकार आहेत. मित्रांनो, कुदळ उचलण्याआधी आजूबाजूचा गोंगाट थांबू द्या आणि थोडा वेळ कान द्या, एवढंच मागते.

पुदिना आता घोट्याएवढाच उरला आहे. शेजारणी कुरकुरतात. उम्म जिर्यस त्यांचा हात धरून त्यांना लिंबापाशी नेतात आणि फांदीवरची नवी पालवी दाखवतात.