वाकलेली चौकट

"ईश्वरी, जरा इकडे ये. ही भिंत बघ."

ईश्वरी खुर्चीसकट सरकत आली. सांगलीची पोर, नवऱ्याच्या नोकरीपायी म्हैसूरला आलेली, बोगादीत राहते आणि ऑफिसात माझ्या शेजारी बसते. तिनं आधी स्क्रीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काय झालंय भिंतीला?"

"मधे फुगलीय ना?"

"गोदाताई, ऑर्थो चालू आहे तुमचं. फुगेल कशी?"

तेच तर. आमचं काम असं की, जुन्या इमारतींचे नकाशे लोक स्कॅन करून पीडीएफ पाठवतात. ते नुसतं चित्र. त्यातली एक खिडकीसुद्धा जागची हलत नाही. ते चित्र कॅडमध्ये, नकाशे काढायच्या प्रोग्राममध्ये, खाली अंथरायचं आणि त्यावरून प्रत्येक भिंत, दार, जिना नव्यानं काढायचा, की मग इंजिनियर हवं ते बदलायला मोकळा. एका बटणात हे करून देणारी सॉफ्टवेअरं आहेत म्हणे. त्यांच्या हाती जुना कागद दिला की ती चहाच्या डागाचीही भिंत करून ठेवतात, म्हणून माझी नोकरी टिकून आहे. स्कॅनमधली रेघ वाकडी असायचीच, कागद चुरगळलेला असतो. पण तिच्यावरची माझी रेघ वाकडी असूच शकत नाही. ऑर्थो चालू केलं की रेघ आडवी जाते नाहीतर उभी, वाकडी काढू म्हटलं तरी निघत नाही.

आणि मला ती वाकलेली दिसत होती.

"सरी, इरली, असू दे," मी म्हटलं. "चष्मा पुसायला हवा."

चष्मा पुसून झाला, डोळ्यांवर पाणी मारून झालं, मॉनिटरच्या नावानं खडे फोडून झाले. ईश्वरी जेवायला गेल्यावर तिच्या मॉनिटरवर तोच नकाशा उघडला. तिथंही भिंत फुगलेली. मी दुसऱ्या भिंतीकडे पाहिलं, तर पहिली शहाण्यासारखी सरळ झाली आणि दुसरी फुगली. जिकडे बघावं तिकडे तो मेला फुगवटा माझ्याआधी जाऊन बसलेला. उजवा डोळा झाकला, सगळ्या रेघा ताठ. डावा झाकला, पुन्हा फुगवटा, आधीपेक्षा मोठा. मी ईश्वरीच्या मॉनिटरवरचा नकाशा घाईनं बंद केला.

हे सगळं आमच्या घरात एकदा होऊन गेलं होतं. माझ्या वडिलांनी, येसाजीराव अप्पांनी, बन्नूरच्या बसवरची ड्रायव्हरकी संपवून घरी बसल्यावर एक धोशा लावला होता. स्वैपाकघराची चौकट वाकलीय, सुतार बोलवा, नाहीतर एक दिवस छप्पर अंगावर येईल. शेवटी सुतार आला. त्यानं ओळंबा सोडून दाखवला, चौकट सरळ होती. कॉफी पिऊन तो गेला आणि घरभर हसू झालं. अप्पाही हसले, पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही. डॉक्टरपर्यंत पोचलो तेव्हा फार उशीर झाला होता. डोळ्याच्या आतला पडदा खराब झालाय, थोडं आधी आणायला हवं होतं, म्हणाले. आता त्यांना मधलं काही दिसत नाही, कडेकडेचं तेवढं दिसतं. माझ्याशी बोलायचं असलं की माझ्या कानाकडे बघतात.

साहेब येऊन नकाशा कुठवर आला विचारून गेले. मी तोंड भरून हसले. उजव्या डोळ्यावर तळहात दाबून उरलेलं काम उरकलं, कुणी विचारलंच तर डोकं दुखतंय म्हणायचं ठरवलं. रेघ सरळ न दिसणाऱ्या बाईला या कामावर कोण ठेवील? घर माझ्या एकटीच्या पगारावर चालतं. कुणाला कळायलाच नको. डावा डोळा आहे की, त्यावर निघतील अजून बरीच वर्षं. रिक्षात बसून चामराजपुरम येईपर्यंत मी स्वतःला हेच बजावत होते.

घरी अप्पा रेडिओवर कन्नड बातम्या ऐकत होते. मी चपला काढून तडक स्वैपाकघराच्या चौकटीसमोर उभी राहिले. डावा डोळा झाकला. चौकट मधोमध वाकली. मग मी तिच्यावरून वरपासून खालपर्यंत हात फिरवला, पुन्हा फिरवला. लाकूड सरळ होतं.

रेडिओ बंद झाला.

"गोदे, सुम्ने, उगीच चौकट काय चाचपतीस?"

बांगड्या लाकडाला घासल्याचं त्यांनी ऐकलं असणार. काही नाही, रंग द्यायला झालाय, असं मी म्हणाले.

"सुतार गेल्यावर मी बी असाच हात लावून बघत होतो," अप्पा म्हणाले. "रोज. तुम्ही सगळे बाहेर गेला की. सांगायची लाज वाटली." मग माझ्या कानाकडे बघत त्यांनी विचारलं, "कुठला डोळा?"

मी चौकटीवरचा हात काढून घेतला.

"कुठला, गे?"

"उजवा," मी म्हणाले आणि तिथंच उंबऱ्यात बसून रडले.

त्यांनी मला रडू दिलं. ऑफिसचं काय, असं मी मध्येच म्हणाले, तर ऑफिस इरली म्हणाले. उद्या सकाळीच डोळ्यांच्या दवाखान्यात जायचं आणि ते स्वतः बरोबर येणार.

"तुम्ही कसे येणार अप्पा?"

"चिठ्ठी कुठं काढायची, कुठल्या बाकावर बसायचं, मला सगळं ठाऊक हाय. तू नवी हायस."

ते उठले, भिंतीला हात लावत बाहेरच्या दारापर्यंत गेले. वाकून त्यांनी आपल्या चपला शोधल्या आणि तोंडं रस्त्याकडे करून ठेवल्या. मग जमीन चाचपत माझ्या शोधल्या, आणि शेजारी तशाच लावून ठेवल्या.