विरळणीची कात्री

बाळांनो, जरा डोळे मिटा. समजा, तुमच्या हातात एक छोटी कात्री आहे, टोकाला सुईसारखी. समोर द्राक्षाचा घड आहे. त्यातले काही मणी छान पिवळसर हिरवे, आणि काही तपकिरी, सुरकुतलेले, वर राखेसारखी बुरशी चढलेले. आता सांगा, तुम्ही कोणते मणी कापाल?

माझ्या नातीने, ओवीनेही तेच सांगितलं. "द यकी वन्स, आजोबा!"

"शाब्बास," मी म्हणालो.

त्या शाबासकीची मला अजून लाज वाटते.

मी काशिनाथ. पिंपळगाव बसवंतच्या एका पॅकहाउसमध्ये मी एकतीस वर्षं एकच काम केलं. परदेशी जाणाऱ्या घडांतले खराब मणी काढायचे, आणि ते कसे काढायचे हे नव्या बायकांना शिकवायचं. त्या मला मास्तर म्हणायच्या. आशालता नावाची एक जुनी कामगार होती, ती चिडवायची, "मास्तर, तुम्हाला घडात द्राक्ष दिसतच नाही, डाग तेवढा दिसतो." मला ते कौतुकच वाटायचं.

निवृत्त होऊन न्यूझीलंडला लेकीकडे आलो, तेव्हा माझी ती विरळणीची कात्री बॅगेत होतीच. माझी लेक अनुया क्राइस्टचर्चला रिकार्टनमध्ये राहते आणि तासाभरावर वायपाराला एका लहानशा वायनरीच्या लॅबमध्ये काम करते. रीझलिंग नावाच्या द्राक्षाची पांढरी वाइन करतात तिथे. मे महिन्यात, म्हणजे तिथल्या सरत्या पानगळीत, एका शनिवारी तिला टाक्यांमधली साखर तपासायला जायचं होतं. मला आणि नऊ वर्षांच्या ओवीला तिने बरोबर घेतलं.

"आप्पा, अर्ध्या तासात येते. इथे बाकावर बसा. आणि प्लीज, कशाला हात लावू नका हं."

"मी काय लहान आहे?"

दहा मिनिटं बसलो. मग आम्ही दोघं पाय मोकळे करायला निघालो. बाग केव्हाच खुडून झाली होती, पानं पिवळी पडली होती. शेवटच्या दोन ओळींवर मात्र पाखरं येऊ नयेत म्हणून लावलेली जाळी तशीच होती आणि आत घड लोंबत होते. आमच्याकडे द्राक्षाला मांडव असतो, घड डोक्यावर येतात. इथे वेली कुंपणासारख्या उभ्या, घड पार गुडघ्याशी. वाकून बघतो तर निम्मे मणी सडलेले.

मला वाटलं, विसरले बिचारे. खरं सांगायचं तर मनातून बरं वाटलं. त्या देशात गेल्यापासून मला काहीच येत नव्हतं. बसचं कार्ड येत नव्हतं, डिशवॉशर येत नव्हता, शेजारणीचं बोलणं कळत नव्हतं. ही एक गोष्ट मला येत होती. कात्री सवयीने खिशात होतीच. मी जाळीचे चिमटे काढले.

"देठ धरायचा, मण्याला बोट लावायचं नाही," मी ओवीला सांगितलं. "आणि कात्री दुसऱ्याला देताना?"

"टोक माझ्याकडे, मूठ तुमच्याकडे." एरवी सगळी उत्तरं इंग्रजीत देणारी पोर हे मराठीत म्हणाली.

मी कापत गेलो, ती बघत आली. मध्येच तिने खाली पडलेला एक मणी तोंडात टाकला. "आजोबा, इट टेस्ट्स लाइक हनी!"

"थुंक! थुंक आधी. सडकं आहे ते."

तिने थुंकला. पण त्या मण्याकडे वळून वळून बघत राहिली.

अनुयाचा अर्धा तास लांबून दोन तास झाले, तोवर सहा-सात वेली झाल्या. घड आता थेट पेटीत भरावेत असे दिसत होते, आणि खाली मातीत तपकिरी मण्यांचा सडा पडला होता. शेवटच्या वेलीला मी कात्री ओवीच्या हातात दिली. तेवढ्यात चारचाकी बाइकचा आवाज आला. वायनरीचा मालक ग्रॅहम होता, मागे अनुया बसलेली.

ग्रॅहम उतरला. घडांकडे त्याने पाहिलंच नाही, मातीकडे पाहत राहिला. मग टोपी काढली, पुन्हा घातली.

"हे कुणी केलं?" अनुयाचा आवाज चिरकला.

कात्री ओवीच्या हातात होती. माझे हात स्वेटरच्या खिशात होते. ते तिथे कधी गेले, मला कळलं नाही.

"ओवी! कितीदा सांगितलंय तुला, मम्माच्या कामाच्या जागी मस्ती नाही म्हणून!"

ओवीने माझ्याकडे पाहिलं. ती वाट बघत होती.

"जाऊ दे गं अनू," मी म्हणालो. "लहान आहे ती."

बाळांनो, हे वाक्य पुन्हा एकदा वाचा. त्यात एक शब्दही खोटा नाही. तरी त्याहून मोठं खोटं मी आयुष्यात बोललेलो नाही.

ग्रॅहम ओवीसमोर उकिडवा बसला आणि तिला हळूहळू समजावू लागला. इतकं सोपं, की मलाही कळलं. ही बुरशी मण्याच्या सालीला बारीक बारीक भोकं पाडते. पाणी उडून जातं, गोडी मागे राहते. त्यासाठी सकाळी धुकं लागतं आणि दुपारी कोरडा वारा. दोन्ही नेमके जुळून आले होते सहा वर्षांनी. त्या मण्यांची मधासारखी गोड वाइन करायची म्हणून तर या दोन ओळी राखल्या होत्या.

"नो वरीज, मेट," तो शेवटी म्हणाला. पण त्याचे डोळे मातीतच होते.

ओवी मान खाली घालून ऐकत होती. मधाची चव आपल्याला आधीच कळली होती, हे तिने सांगितलं नाही.

आम्ही परत निघालो. वाटेत अँबर्ली गावात अनुया डेअरीत, म्हणजे तिथल्या कोपऱ्यावरच्या दुकानात, दूध घ्यायला उतरली. मागच्या सीटवरून आवाज आला, "आजोबा, व्हाय डिडन्ट यू टेल?"

 मी सीटवरून मागे वळलो.

"मला लाज वाटली," मी म्हणालो.

"मी पण," ती म्हणाली.

तिला कसली लाज? तिने तर काहीच केलं नव्हतं. माझी लाज ती वाहत होती, हे तेव्हा मला कळलं. अनुया दूध घेऊन आली.

"अनू, गाडी मागे फिरव."

"काय राहिलं आता?"

"कात्री माझी आहे. कापलं मी. ओवीने शेवटच्या वेलीशी नुसती हातात धरली, तीही मी दिली म्हणून."

अनुयाने मागे वळून ओवीकडे पाहिलं. "आप्पा, मी तिला सगळ्यांसमोर बोलले."

"हो."

तिने गाडी वळवली.

ग्रॅहम ओळीत गुडघ्यांवर बसून मातीतला एकेक मणी बादलीत टाकत होता. मी त्याच्यापुढे जाऊन उभा राहिलो. इंग्रजी वाटेत जुळवून ठेवलं होतं, तेही सगळं सांडलं. "नॉट द चाइल्ड, सर. आय कट. थर्टी-वन इयर्स, आय डू धिस वर्क."

"थर्टी-वन?" त्याने पहिल्यांदाच वर बघून घड नीट पाहिले. एकही डाग नव्हता. "टाइडी जॉब," तो म्हणाला. मग बादली थोडी बाजूला सरकवली. "हाउ आर द नीज?" गुडघे वाकतात का, असं विचारत होता.

मी खाली बसलो. वर बघायचं धाडस होत नव्हतं. गाडीचं दार वाजलं, आणि ओवीचे लाल गमबूट माझ्या शेजारी येऊन थांबले. कात्री अजून तिच्याचकडे होती. वाटलं, आता ती माझ्यासमोर टाकून देईल.

तिने हात पुढे केला. टोक तिच्याकडे होतं, मूठ माझ्याकडे.