अमावस्येची फवारणी

किन्हीराजा गावच्या रामकिसनची संत्र्याची साठ झाडं खवले किडीने धरली होती. फांद्यांवर तपकिरी टिकल्या चिकटल्या होत्या, पानं काळी पडली होती आणि हिरवी फळं गळत होती. दोनदा फवारूनही टिकल्या जागच्या हलल्या नव्हत्या. आठ वर्षं जपलेली झाडं यंदा हातची जातात की काय, या धास्तीने त्याला सकाळपासून कुणाचंच बोलणं सहन होत नव्हतं.

त्यात नात वैष्णवी वही घेऊन बांधावर आली. शाळेत बाईंनी चिठ्ठ्या उचलायला लावल्या होत्या. एक कीड, एक जनावर, दोघांत सारखं काय ते लिहायचं. तिच्या वाट्याला खवले कीड आणि कोआला आले होते.

“आबाजी, हे पाहा.” तिने मोबाइल पुढे केला.

“अस्वल हाये. मले काहून दाखवून राह्यली?”

“अस्वल नाई. परदेशातलं जनावर हाये. निलगिरीच्या झाडावर राह्यते, त्याचाच पाला खाते अन् वीस घंटे झोपते.”

“मंग तुह्या बापाचं नाव लिही.”

वैष्णवी हसली. “आपली कीडबी झाडाले धरून बसते. इथवर जुळलं. पण कोआलाची माय पोटावरच्या पिशवीत पिल्लू ठेवते. किडीचं काय लिहू?”

“लिही, तिनं आबाजीले मातीत घातलं. जाय घरी. आज अमावस्या हाये, मले फवारू दे.”

चाळीस वर्षं त्याने कापूस केला होता. बोंडअळीचं पाखरू अमावस्येला अंडी घालतं, म्हणून सगळं गाव त्याच सुमारास फवारायचं. संत्रा लावल्यावरही त्याने तीच तिथी धरली होती.

वैष्णवीने काट्याने एक टिकली उलटवली. खाली पिठासारखी बारीक अंडी गच्च भरली होती.

“आबाजी, हिलेबी पिशवी हाये. औषध मायच्या पाठीवर पडते, अंडी खाली कोरडीच.”

रामकिसनने आणखी दहा टिकल्या उलटवल्या. सगळीकडे तेच.

“म्हंजे दोन महिने मी हिले आंघोळ घालून राह्यलो?”

“पिल्लं बाहेर निघाली का फवारा. त्यायच्या अंगावर कवच नसते.”

“कवा निघतीन?”

“रोज पाहा लागते.”

“म्हंजे यायच्या बाळंतपणासाठी मी बसून राहू.”

पलीकडच्या शेताच्या धुऱ्यावरून शेजारी देवमन ओरडला, “रामकिसनभाऊ, अमावस्या चालली. पंप पुजाले मांडला काय?”

रामकिसनने औषधाची बाटली न फोडता गुरांच्या कोठ्यात ठेवली.

आठ दिवस तो नातीचं भिंग घेऊन झाडाखाली वाकत राहिला. कंबर धरली, देवमनचे टोमणे ऐकले, वैष्णवीवर दोनदा विनाकारण खेकसला. फळं गळतच होती. नवव्या सकाळी फांदीवर पिवळसर ठिपके चालताना दिसले.

त्याने पंप पाठीवर घेतला आणि पानांच्या खालून फवारा मारला. थोड्या वेळाने भिंग लावलं. ठिपके थांबले होते.

“इतकंच होतं तर पहिलेच सांगाले काय झालं होतं,” तो वैष्णवीवर पुन्हा खेकसला आणि दुसऱ्या झाडाकडे वळला.